जुन्या मोटारीचा वाकलेला एक्सल : तापवू नका, मोजा!

मोटारीचे इंजिन बिघडले तर गाडी जागेवर थांबते. ब्रेक बिघडला तर चालकाला पायाखाली कळते. परंतु पुढचा एक्सल वाकला तर गाडी चालतच राहते. थोडी एका बाजूला ओढते, टायर जरा लवकर झिजतो, एवढेच. मालक म्हणतो, "चालते आहे ना, मग चालू द्या." आणि एखाद्या दिवशी वळणावर किंवा खड्ड्यात तोच एक्सल दगा देतो. त्या वेळी गाडीत मालक असतोच असे नाही. बहुधा पगारी ड्रायव्हर असतो.

आपल्या वस्त्यांमधून गॅरेजात, एस.टी.च्या कार्यशाळेत, ट्रकवर, लेथवर काम करणारे कितीतरी बांधव आहेत. त्यांना यातील पुष्कळसे ठाऊक असेल. हा लेख विशेषतः त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आणि नव्याने हे काम शिकू पाहणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. घरातला माणूस दिवसभर नेमके काय करतो, त्यात डोके किती लागते आणि जोखीम किती असते, हे घरच्यांना कळले पाहिजे. प्रस्तुत लेखक पेशाने कारकून आहे, पाना हाती धरणारा नव्हे. पण एका ओळखीच्या गॅरेजचा हिशेब रविवारी लिहून देण्याच्या निमित्ताने हे काम त्याने जवळून पाहिले आहे. उदाहरणासाठी मुद्दाम एक जुनी गाडी घेतो, कारण तिचे सगळे अवयव उघडे असतात आणि समजायला सोपे जाते.

गाडी कोणती?

गाडी आहे फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी'. अमेरिकेत १९०८ साली ती विक्रीला आली आणि १९२७ साली बंद झाली. तेवढ्या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात गाडीचा सांगाडा पट्ट्यावरून पुढे सरकवत जोडण्याची पद्धत सुरू झाली आणि ज्या जोडणीला पूर्वी साडेबारा तास लागत, ती सुमारे दीड तासात होऊ लागली. त्या एकसुरी कामाला कंटाळून कामगार इतक्या झपाट्याने नोकरी सोडून जाऊ लागले की, जानेवारी १९१४ मध्ये कंपनीला दिवसाला पाच डॉलर मजुरी व आठ तासांची पाळी जाहीर करावी लागली. मजुरीवाढीचे श्रेय मालकाच्या उदारपणाला देण्याची चाल जुनीच आहे. असो.

हिंदुस्थानात या गाड्या आल्या त्या मुख्यतः कॅनडातील फोर्ड कंपनीकडून, कारण ब्रिटन सोडून बाकीच्या ब्रिटिश साम्राज्याला माल पुरविण्याचा हक्क तिच्याकडे होता. म्हणून आपल्याकडे आलेल्या गाड्यांचे स्टिअरिंग उजव्या हाताला असे. आज यातल्या ज्या थोड्या गाड्या शाबूत आहेत, त्या हौशी मालकांच्या आहेत. त्या धुऊन-पुसून वर्षातून एक-दोनदा मिरवणुकीसाठी बाहेर पडतात. त्या चालत्या कोण ठेवतो, ते सांगायला नको.

एक्सल म्हणजे काय आणि तो वाकतो कसा?

बैलगाडीचा आख सर्वांना माहीत आहे. मोटारीचा पुढचा एक्सल म्हणजे त्याचाच वंशज. दोन चाकांच्या मध्ये आडवा टाकलेला सलग पोलादी दांडा. फरक इतकाच, की बैलगाडीचा आख वळत नाही, गाडीच वळते. मोटारीत मात्र चाके वळली पाहिजेत. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या पिना बसवतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना किंगपिन म्हणतात. या पिनेभोवती स्टब एक्सल फिरतो आणि स्टबवर चाक. दोन्ही चाके एकाच वेळी वळावीत म्हणून त्यांना जोडणारी दांडी म्हणजे टायरॉड.

दांड्याचा छेद रेल्वेच्या रुळासारखा असतो. वर-खाली जाड पट्टी, मध्ये बारीक पोट. असे का? दांडा वाकू लागला की वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. मधल्या भागावर फारसा ताण येत नाही. तेव्हा जिथे ताण तिथे पोलाद ठेवायचे आणि बाकी वजन कमी करायचे. हा दांडा ओतीव नव्हे, घडीव असतो. तापलेले पोलाद साच्यात घणाखाली ठोकून घडवायचे, मग त्याला पाणी द्यायचे. फोर्डने या गाडीसाठी व्हॅनेडियम नावाचा धातू मिसळलेले पोलाद वापरले होते आणि ते किती चिवट आहे हे दाखविण्यासाठी थंड अवस्थेत पीळ दिलेले, तरीही न तुटलेले भाग जाहिरातींतून दाखवले जात. या गाडीला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. त्यामुळे एवढासा सडपातळ दांडाही पुरे पडे. पुढच्या ब्रेकची सोय फोर्डने १९२७ च्या अखेरीस आणलेल्या 'मॉडेल ए' मध्ये केली.

एवढे चिवट पोलाद असूनही ते वाकतेच. चाक एखाद्या दगडावर किंवा फुटपाथच्या कडेवर जोरात आदळले की दांड्याचे ते टोक मागे जाते. गाडी खड्ड्यात आपटली की मधला भाग खाली येतो. धडक तिरपी बसली तर दांड्याला पीळ बसतो. म्हणजे बाक आणि पीळ हे दोन निराळे दोष आहेत आणि पुष्कळदा ते एकत्र असतात. आणखी एक कारण मालक मंडळी कधी कबूल करीत नाहीत : बंद पडलेली गाडी ओढून नेताना किंवा ट्रेलरवर चढवताना एक्सललाच साखळी गुंडाळून ताणतात. शंभर वर्षे रस्त्यावर टिकलेला दांडा असा एका दुपारी वाकतो.

मग आपल्या नेहमीच्या गाड्यांचे काय? मुंबईकरांच्या ओळखीची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिला पुढे असा सलग दांडा नव्हता. तिची दोन्ही पुढची चाके स्वतंत्र टांगलेली असत. अँबॅसडरही तशीच. मोटारींतून सलग दांडा हळूहळू गेला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४ पासून स्वतंत्र चाकांची पद्धत आणली, फोर्डने मात्र १९४८ पर्यंत दांडा सोडला नाही. परंतु बहुतेक ट्रकना आणि अनेक बसना तो आजही आहे. आकाराने मोठा, पण तत्त्व तेच. म्हणून पुढे जे सांगतो ते केवळ श्रीमंतांच्या हौसेपुरते समजू नये.

तीन कोन

एक्सल सरळ आहे असे आपण म्हणतो तेव्हा खरे पाहता तीन कोन बरोबर आहेत असे म्हणत असतो.

पहिला कोन पिनेच्या मागे झुकण्याचा. सायकलीकडे पाहा. हँडलचा दांडा उभा नसतो, वरच्या बाजूने मागे झुकलेला असतो. म्हणूनच चालत्या सायकलीवरून हात सोडले तरी चाक आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीतही किंगपिन अशीच मागे झुकवलेली असते. याला कास्टर म्हणतात. एक्सलला पीळ बसला की एका बाजूची पिन जास्त झुकते, दुसऱ्या बाजूची कमी, आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. वळणावरून स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. कधी विशिष्ट वेगाला चाके थरथर हलू लागतात आणि चालकाचे हात भरून येतात.

दुसरा कोन चाकाच्या बाहेर कलण्याचा, म्हणजे कॅम्बर. मॉडेल टीच्या मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत सांगितले होते की, पुढच्या दोन चाकांमधले अंतर खालच्यापेक्षा वरच्या बाजूला सुमारे ३ इंच अधिक असावे. चाक ३० इंची. म्हणजे प्रत्येक चाक दीड इंच बाहेर, अंशात सांगायचे तर सुमारे ३ अंश. ही गाडी समोरून पाहिली की पाय फाकून उभी असल्यासारखी दिसते ती यामुळे. तो दोष समजून 'दुरुस्त' करणारे लोकही आहेत!

तिसरा म्हणजे चाकांची तोंडे पुढून किंचित आत असणे. त्याच पुस्तिकेप्रमाणे हा फरक पाव इंचाहून अधिक नको. एवढ्याशा मापाने काय होते असे वाटेल. पण हिशेब करून पाहा. एका चाकाचे तोंड फक्त १ अंशाने चुकले, तर एक किलोमीटर जाताना ते चाक सुमारे १७ मीटर आडवे घासटण्याची गोष्ट करते. टायर खवणीवर धरल्यासारखा झिजतो. त्यावरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागतो. ही खूण कोणालाही घरबसल्या पाहता येते.

संशय आधी दुसऱ्यांवर

गाडी ओढते म्हणून लगेच एक्सल काढायला बसणारा मिस्त्री कच्चा समजावा. आधी टायरमधली हवा. मग चाकाचे बेअरिंग. मग किंगपिनचे बुश : चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे, खडखड लागली तर पिन-बुश झिजलेले आहेत. मग पाटे आणि त्यांचा मधला बोल्ट. मॉडेल टीला पुढे एकच आडवा पाटा आहे, आणि एक्सलला जागेवर धरण्यासाठी व्ही आकाराची दांडी मागे इंजिनखाली जाते. ती दांडी वाकली तरी एक्सल सरळ असूनही कास्टर बिघडतो. सुरुवातीच्या गाड्यांत ही दांडी एक्सलच्या वर जोडलेली होती, १९१९ पासून ती खाली घेतली. ती सुधारणा मजबुतीसाठीच होती. शेवटी पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. या गाडीत ते १०० इंच आहे. एका बाजूला कमी भरले तर काहीतरी मागे सरकले आहे हे नक्की.

इथे एक धोक्याची सूचना. एक्सल उतरवताना गाडी लोखंडी घोडीवर ठेवावी. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर नव्हे. ताणलेला पाटा सुटताना सोट्यासारखा उसळतो. पाट्याचा ताण पद्धतशीर उतरवल्याशिवाय त्याचे शॅकल खोलू नयेत. बोटे गमावलेली माणसे गॅरेजच्या कोणत्याही गल्लीत भेटतील.

मोजणी

आता त्या गॅरेजातली हकीकत सांगतो, कारण मोजणी नुसती वाचून कळत नाही. गाडी ट्रेलरवरून आली होती आणि साखळीनेच एक्सल वाकवला होता. गाडीबरोबर मालकांचा माणूस होता. रविवारी गाड्यांची फेरी होती, त्यामुळे त्याला घाई. त्याचे म्हणणे, "गॅसने लाल करा, दोन घण घाला, तासाभराचे काम." मिस्त्री काही बोलले नाहीत. एक्सल उतरवून रॉकेलने धुऊन त्यांनी टेबलावर ठेवला. मग मुलीला हाक मारली. मुलगी आय.टी.आय.मध्ये फिटरच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांना मदत करी.

दोघांनी आधी एक्सलच्या दोन्ही टोकांच्या मध्यबिंदूंवरून बारीक दोरा ताणून बांधला. दोरा खोटे बोलत नाही. दोऱ्यापासून दांड्याचे अंतर दर चार इंचांवर मोजून तिने खडूने फरशीवर मांडले. मग लेथवर मापात काढलेल्या दोन लांब सळया किंगपिनच्या भोकांतून उभ्या बसवल्या. दोन्ही सळया वर एक फूटभर बाहेर राहतील एवढ्या. बाजूला उभे राहून एक डोळा मिटून पाहिले की पुढची सळई मागचीला झाकते का ते दिसते. झाकत नसेल तर पीळ आहे. डोळ्यावर भिस्त न ठेवता ओळंबा आणि पाणसळ लावली.

"बाळ, किती?"

"अप्पा, डावं टोक मागं नऊ मिलिमीटर. आणि सळईच्या टोकाला सात."

फूटभर सळईच्या टोकाला सात मिलिमीटर म्हणजे सव्वा अंशाहून थोडा जास्त पीळ. गणित फार अवघड नाही : ३०० मिलिमीटरला एक अंश म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर. एवढ्यावरून त्यांनी बाक कुठे सुरू होतो ते खडूने दांड्यावरच खूण करून ठेवले. ही खूण फार महत्त्वाची. जिथे वाकले तिथेच सरळ करायचे. दुसरीकडे उलटा बाक देऊन टोके जुळवली तर दोरा जुळतो, पण दांडा सापासारखा होतो आणि पोलादात दोन जागी इजा राहते.

त्यानंतर तड्यांची तपासणी. जुनी पद्धत रॉकेल आणि खडूची. भाग स्वच्छ करायचा, रॉकेलने भिजवून काही वेळ ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. केसासारखा तडा असला तरी त्यात शिरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. आता यासाठी लाल रंगाचे व पांढऱ्या लेपाचे तयार डबे मिळतात. मोठ्या कारखान्यांतून चुंबकाची आणि लोखंडी भुकटीची पद्धत वापरतात. तडा दिसला, तर पुढचे काम संपले. तडा गेलेला एक्सल वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणू नये. दुसरा शोधावा. मॉडेल टीचा आज शंभर वर्षांनंतरही मिळतो, कारण गाड्याच इतक्या निघाल्या होत्या.

तापवायचे का नाही?

आपल्याकडे लोखंड म्हटले की भाता आणि घण आठवतो. लोहाराने तापवून ठोकले की वस्तू सरळ होते, मग एक्सल का नको? याचे उत्तर घरातल्या आया-बहिणी अधिक चांगले देऊ शकतील. विळीचे पाते कधी चुलीवर राहून लाल झाले तर काय होते? दिसायला तसेच राहते, पण धार टिकत नाही. पाणी उतरले, असे आपण म्हणतो. शिवणाची सुई मेणबत्तीवर लाल करून थंड होऊ द्या. पूर्वी वाकवली तर ताडकन मोडणारी सुई आता तारेसारखी वाकते. पोलादाचा गुण केवळ त्यातल्या धातूंत नसतो, त्याला दिलेल्या पाण्यात असतो. एक्सलचा वीतभर भाग गॅसने लाल केला, की तेवढा भाग मऊ पडतो आणि दोन्ही बाजूंचा पूर्वीसारखाच राहतो. पुढच्या खड्ड्यात तो तिथेच वाकणार. आणि घाईने वर पाणी ओतले तर तो भाग कडक पण ठिसूळ होतो. मग वाकत नाही, तुटतो. वाकलेला एक्सल घरी आणता येतो, तुटलेला आणत नाही.

ही काही आमच्या मिस्त्रींची मनची समजूत नव्हे. फोर्डच्या त्याच पुस्तिकेत स्पष्ट सूचना होती की, अपघातात एक्सल किंवा स्टब वाकला तर तो तापवू नये, त्याने पोलादाचा गुण जातो; थंडच सरळ करावा, आणि जमल्यास कारखान्याकडे पाठवावा, कारण नुसत्या डोळ्याने भाग नीट सरळ झाला की नाही ते कळत नाही. अमेरिकेत पुढे हौशी तरुणांनी गाडी बुटकी दिसावी म्हणून एक्सल तापवून त्याची टोके वर ओढण्याची कला काढली, हे खरे. पण ते काम ठराविक कारागीरच बेताने करीत. रस्त्याकडेच्या गॅसकटरने केलेली घाई निराळी.

मिस्त्रींनी हे सगळे त्या माणसाला समजावून सांगितले. त्याला ते पटले नाही. "पॉलिश करून रंग मारला की कोणाला दिसणार आहे?" असे तो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "दादा, दिसणार नाही म्हणूनच नको. गाडी घेऊन जा, नाहीतर दोन दिवस द्या." हातचे गिऱ्हाईक सोडायची तयारी दाखवणे छोट्या गॅरेजवाल्याला परवडत नसते. त्या महिन्याचे भाडे तटलेले होते, ते हिशेब लिहिणाऱ्या मला ठाऊक होते. गाडी राहिली.

प्रेसवर

थंड सरळ करण्याचे काम हायड्रॉलिक प्रेसवर होते. आपल्याकडे ट्रकचे एक्सल सरळ करणारे लोक असतात, त्यांच्याकडे अशी प्रेस असते आणि त्यांचाच हात यात बसलेला असतो. जुन्या मोटारीच्या मालकानेही त्यांच्याकडेच जावे हे उत्तम. एक्सल दोन ठोकळ्यांवर टेकवायचा आणि खुणेच्या जागी मधून दाब द्यायचा. दाब देताना दांड्याच्या कडा चेपू नयेत म्हणून त्याच्या आकाराचे ठोकळे मध्ये घालतात; पुष्कळांची चूक इथेच होते, कडेवर दाब पडून पट्टी दुमडते.

पोलाद उसळते हे इथे नीट दिसते. पहिल्यांदा सहा मिलिमीटर दाबले, सोडले, तर दांडा होता तिथेच परत. आठ दाबले, तरी तेच. अकराला एक मिलिमीटर राहिला. म्हणजे जितके सरळ करायचे, त्याहून बरेच पुढे न्यावे लागते आणि ते किती, हे फक्त पुनःपुन्हा मोजून कळते. मिस्त्री दाबत आणि मुलगी मोजून खडूने लिही. दर वेळी दोरा. दर वेळी सळया. घाईने एकदम जास्त दाबले तर दांडा दुसऱ्या बाजूला जातो आणि परत आणावा लागतो. वाळत घालायच्या दोरीची तार इकडून तिकडे वाकवून आपण तोडतो, तेच एक्सलचे होते. म्हणून शक्यतो एकाच दिशेने, थोडे थोडे. पूर्वी एकदा सरळ केलेला दांडा पुन्हा वाकून आला असेल तर तो सरळ न करता बदलावा हे बरे.

पीळ काढण्यासाठी प्रेस नव्हे, लांब तरफा लागतात. दांडा एका बाजूला घट्ट आवळून दुसऱ्या बाजूला मापाची पकड बसवायची आणि तिला पाच-सहा फुटी दांडी लावून उलटा पीळ द्यायचा. दोन माणसांचे काम आहे. प्रेससमोर आणि तरफेच्या वाटेत कोणी उभे राहू नये. ठोकळा निसटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. लहान मुलांना तर त्या जागी येऊच देऊ नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, तरी 'काम शिकतोय' म्हणून अजून ठेवतात. शिकायचे तर शाळा संपवून शिकावे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोऱ्याचा फरक एक मिलिमीटरच्या आत आणि सळयांचा फरक नजरेला न जाणवण्याइतका झाला. पुन्हा रॉकेल-खडू. ही दुसरी तपासणी पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण प्रेसखालीही तडा जाऊ शकतो. वाकलेला स्टब मात्र सरळ करीत बसू नये, तो बदलावा. बुश काशाचे असतात. ते बसवल्यावर वरचा व खालचा एकाच लांब रीमरने एका रेषेत काढावेत, नाहीतर नवी पिनही अडकते.

बिल कसे लिहिले

पहिल्यांदा मिस्त्रींनी बिल करायला सांगितले ते एका ओळीचे : 'एक्सल सरळ करणे'. ते पाहून मालकांचा माणूस म्हणणार, "दोन दिवसांत तुम्ही दांडा दोनदा दाबला, बाकी नुसते मोजतच बसलात." त्याचे म्हणणे पुरते खोटेही नव्हते. प्रत्यक्ष दाबण्याचा वेळ सगळा मिळून तासभराचा असेल. म्हणून बिलात ओळी वेगळ्या केल्या. उतरवणे व धुणे. मापे घेणे, आधीची व नंतरची, तक्त्यासह. तडे तपासणे, दोनदा. प्रेसचे भाडे. पीळ काढणे. रीमर करणे. जोडणी व अलाइनमेंट. सोबत मुलीने वहीत उतरवलेल्या मापांचा कागद जोडला. मजुरीची रक्कम मिस्त्रींनी मनात धरली होती तीच होती, एक रुपयाही वाढवला नाही. पण मोजणे हे काम आहे, आणि त्याची मजुरी असते, हे कागदावर आले. मालकांनी पूर्ण पैसे दिले. इतर कारागीर बांधवांनीही बिल असेच लिहावे, असे सुचवावेसे वाटते. हिशेब लिहायला माणूस नसेल तर घरातली दहावी-बारावीची मुले हे सहज करू शकतात.

कागदाचा दुसराही उपयोग आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी नोंदणीचे नियम केले. अशा गाड्यांना क्रमांकात 'व्हीए' अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती वगैरेंसाठीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. तेव्हा कोणते काम कसे केले याची नोंद असणे मालकाच्याही हिताचे. आणि ज्याने हे काम वर्षानुवर्षे केले पण हातात प्रमाणपत्र नाही, अशा कारागिरासाठी २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. मुलांसाठी आय.टी.आय.चे फिटर आणि मोटार मेकॅनिक हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. मुलींनी फिटर का होऊ नये, याचे उत्तर वर आलेच आहे.

जोडणीनंतर

एक्सल परत बसवताना पाट्याचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळावेत. प्रत्येक नटात नवी कॉटर पिन घालावी. जुनी सरळ करून पुन्हा घालण्यात दोन रुपये वाचतात आणि कधी चाक जाते. टायरॉड फिरवून चाकांची तोंडे जुळवावीत, पिनांना ग्रीस भरावे. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू वेगाने गाडी नेऊन स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून पाहावे, गाडी सरळ जाते की नाही. या गाडीचा वेग ताशी ६५-७० किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, पण ब्रेक बेताचेच आहेत, हे ध्यानात असावे.

शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळावेत आणि टायरवर आडव्या खडूच्या रेघा मारून थोडे अंतर चालवावे. रेघ रुंदीभर सारखी पुसली गेली तर ठीक. एकाच कडेची पुसली गेली, तर दोरा आणि सळया पुन्हा काढाव्यात.